वेताळ परत आला, पण कुणासाठी?

सध्या जुन्या कॉमिक्स हिरोंचे दिवस पुन्हा आलेत. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. त्यातले वेताळ आणि जादूगार मँड्रेक गेल्या काही वर्षांत इंग्रजी-हिंदीत परत छापले गेले. राज कॉमिक्सचे नागराज, ध्रुव, डोगा जाडजूड बांधीव संग्रहांत मिळू लागले. आमच्या काकांच्या पिढीला तर हर्षवायू व्हायचाच बाकी आहे! आनंद मलाही झाला. पण एक प्रश्न राहतोच. हे सगळं चाललंय कुणासाठी?

आपल्या भाषेत सांगायचं तर जुन्या इंजिनाला नुसता रंग मारला म्हणजे ओव्हरहॉलिंग होत नाही. आत काहीतरी बदलावं लागतं. ॲस्टेरिक्सचंच बघा. २०१३ पासून त्याच्या कथा नवे लेखक-चित्रकार करू लागले. २०१५ च्या पुस्तकात गुप्त कागद उजेडात आणणारा एक पत्रकार आहे, तो चक्क ज्युलियन असांजवरून बेतलेला! गाव तेच, मारामाऱ्या त्याच, पण विषय आजचा. याला म्हणतात पुनरागमन.

आपल्याकडेही हे एकदा झालं होतं. वेताळ म्हणजे मुळात ली फॉक यांचा १९३६ चा फँटम. इंद्रजालने तो मराठीत आणला आणि गावकुसाबाहेरच्या आपल्या देवाचं नाव त्याला दिलं. परका गडी एका नावात घरचा झाला. पुढे १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला. तेव्हा चंबळचे डाकू रोज पेपरात गाजत होते, आणि बहादूर थेट त्यांनाच भिडला. भाषा वाचकाची आणि गोष्ट त्याच्या काळातली, असं ते साधं गणित होतं.

आज हे गणित उलटं झालंय. हे संग्रह शेकडो रुपयांचे, ऑनलाइन मागवायचे आणि काचेच्या कपाटात ठेवायचे. घेणारा चाळिशीचा. आमच्या ढोकीच्या स्टँडवर पेपर मिळतो, स्पर्धा परीक्षेची गाईडं मिळतात, पण मराठी कॉमिक्स मला तिथं कधी दिसलं नाही. मग चौथीतल्या लेकराच्या हातात मोबाइल दिसला की त्यालाच का रागवायचं? मराठीत कॉमिक्स चालत नाही म्हणणाऱ्यांनी चिंटू आठवावा. १९९१ पासून त्याने घराघरात पेपर मागच्या पानावरून वाचायची सवय लावली होती.

आणि विषयांचा काय दुष्काळ आहे काय राव? दुष्काळ हाच विषय आहे! एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली. अंतर ३४२ किलोमीटर, पहिल्या फेरीत सुमारे ५ लाख लिटर पाणी. ती गाडी आमच्या ढोकी स्टेशनवरूनच पुढे गेली. त्या वर्षी आमच्याही जिल्ह्यात घशाला कोरड होतीच. आता कल्पना करा. रात्रीची वेळ, पाण्याने भरलेल्या टाक्या, रुळांच्या दोन्ही बाजूला रिकाम्या घागरी. अशा वेळी बहादूर कुणाची बाजू घेईल? गाडी अडवणाऱ्या गावाची, की पुढे वाट बघणाऱ्या शहराची? इथे व्हिलनच नाही, दोघंही तहानलेले. ही गोष्ट चंबळच्या कुठल्याही डाकूपेक्षा भारी आहे, आणि ती अजून कुणी काढलेली माझ्या पाहण्यात नाही.

जुने अंक जपावेत, जरूर जपावेत. पण जपणं वेगळं आणि जगवणं वेगळं. हिरो जगतो तो नव्या वाचकामुळे.

म्हणून संपादक मंडळाला एक विनंती. पुढच्या अंकात शेरोशायरीची चार पानं कमी करा आणि ती कॉमिक्सला द्या. ड्रॉइंग शीटवर रात्र-रात्र घासणारे हात आपल्याकडे आहेतच. आणि झेरॉक्सवर छापून तीच चार पानं आपापल्या गावच्या शाळेत द्यायची. ढोकीची जबाबदारी माझी.