मुखपृष्ठ हरवलेली गाणी

गाणे ही ऐकण्याची वस्तू आहे, बघण्याची नव्हे, असे माझा एक वर्गमित्र नेहमी म्हणतो. मोबाइलवर गाण्याशेजारी जे चिमुकले चित्र दिसते, त्यासाठी सुटीचे दोन रविवार घालवणारा मी त्याला खुळा वाटतो. त्याला उत्तर म्हणून हा लेखप्रपंच.

या चित्रांचा इतिहास फार जुना नाही. पूर्वी तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच गाणे मावे. अशा अनेक तबकड्या पुस्तकासारख्या एकत्र बांधून विकत. म्हणून तो ‘आल्बम’. त्याचे वेष्टन बहुधा साधेच असे. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने १९४० मध्ये आल्बमसाठी खास चित्र केले आणि ही कला रुजली. १९४८ मध्ये बारा इंची एल.पी. आली आणि चित्राला फूटभर जागा मिळाली. कॅसेटवर ती तळहाताएवढी झाली, मोबाइलवर नखाएवढी.

आमच्या घरी एका पत्र्याच्या ट्रंकेत चाळीसेक कॅसेटी आहेत. आजीला अक्षरओळख नाही. तरी हवी ती कॅसेट ती क्षणात काढी. विठ्ठलाचे चित्र म्हणजे काकडआरती, फेटेवाला शाहीर म्हणजे पोवाडे, जात्यापाशी बसलेली बाई म्हणजे ओव्या. टेपरेकॉर्डर बंद पडला, तेव्हा काकांनी तालुक्याच्या दुकानातून तीच गाणी मेमरी कार्डात भरून आणली. आजीने मोबाइल हाती घेतला आणि लगेच खाली ठेवला. काकडआरती असो की लावणी, प्रत्येक गाण्यावर कुठल्याशा संकेतस्थळाची एकच जाहिरात! “बाळा, समदी सारखीच हायेत की रं,” ती म्हणाली. आपल्याला न वाचता येणाऱ्या लिपीतले पुस्तक कुणी हाती द्यावे, तशी तिची गत झाली होती.

मी मित्राच्या संगणकावर ती गाणी दुरुस्त करायला बसलो. एमपीथ्री फाइलीत गाण्याची माहिती ठेवायची सोय १९९६ मध्ये झाली, ती अवघ्या १२८ बाइटांची. चित्राला तीत जागाच नव्हती. १९९८ च्या सुधारित पद्धतीत चित्राची सोय झाली. ‘एमपीथ्रीटॅग’ या कार्यक्रमाने जुने चित्र पुसून नवे बसवता येते. आल्बमचे नाव मात्र सर्व गाण्यांवर अगदी एकसारखे हवे; ‘भक्तीगीत’ आणि ‘भक्तिगीत’ हे मोबाइलला दोन आल्बम वाटतात. जागा फार जाते, ही तक्रारही खरी नाही. दोनशे केबीचे चित्र बारा गाण्यांत घातले, तरी अडीच एमबीच्या आतच राहते. चार मिनिटांचे एक साधे गाणेच सुमारे चार एमबीचे असते.

पहिल्या रविवारी मी एक चूक केली. आपल्या कॅसेटची चित्रे विटलेली, म्हणून इंटरनेटवरून झकपक चित्रे आणून लावली. मोबाइल देखणा झाला. पण आजीला पोवाडे सापडेनात. माझा शाहीर तिच्या ओळखीचा नव्हता! दुसऱ्या रविवारी ट्रंक उघडली, कॅसेटींतले कागद उन्हात धरून त्यांचे फोटो काढले आणि डागांसकट तेच लावले. तेव्हा कुठे तिचे बोट अचूक पडू लागले. चित्र सुंदर असण्यापेक्षा खरे असणे महत्त्वाचे, हे मी त्या दिवशी शिकलो.

ते कागद उलटले तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. आतल्या बाजूस तबला, पेटी, टाळ, कोरस यांची नावे बारीक अक्षरांत छापलेली होती. मेमरी कार्डात यांतले एकही नाव आले नव्हते. गायक तेवढा उरला, साथीदार पुसले गेले. वास्तविक त्याच १९९८ च्या पद्धतीत मलपृष्ठासाठी स्वतंत्र जागा राखलेली आहे. ती आपण भरत नाही, हा दोष यंत्राचा नव्हे, आपला आहे.

म्हणून माझ्या मित्राला आणि वाचकांनाही एवढेच सांगणे आहे. घरातल्या कॅसेटी, तबकड्या भंगारवाल्याला द्यायच्याच असतील तर खुशाल द्या; पण त्याआधी वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि गाण्यांना जोडा. पुढची बाजू माझ्या आजीसारख्यांसाठी, आणि मागची ज्यांचे नाव फक्त तिथेच आहे त्यांच्यासाठी.