भयपटवेड्या मित्रासाठी

रविवारी लखनौची रेसिडेन्सी पाहिली. 1857च्या तोफगोळ्यांच्या खुणा भिंतींवर अजून आहेत. लोक इथल्या भुतांच्या गोष्टी हौसेने सांगतात. जिथे दोन्ही बाजूंची माणसं मेली, तिथे भुतं शोधणं मला पटत नाही. त्यासाठी सिनेमा आहे.

अकादमीतला माझा स्क्वाड्रनमेट सुट्टीवर निघालाय, भयपटांची नावं मागतोय. बाबा रे, मुलांबरोबर ‘झपाटलेला’च बघ, तात्या विंचूला तोड नाही. ‘तुंबाड’ रात्री, फोन बंद करून. पण ‘लपाछपी’ चुकवू नकोस. विशाल फुरियांनीच 2021 मध्ये त्याचा हिंदीत ‘छोरी’ केला, तरी आधी मराठी बघ. उसाच्या फडातलं ते घर! तिथे भुतापेक्षा मुलाच्या हव्यासाची भीती वाटते. मला दोन मुली. सिनेमा संपल्यावर आई बराच वेळ गप्प होती. नातवाचा विषय तिने पुन्हा काढला नाही. तू काकूंनाही सोबत बसव.