संत्र्याची परीक्षा रंगानें कीं रसानें?

संत्रें तोडणीस आलें कीं नाहीं, हें सालीच्या रंगावरून ठरविण्याची वहिवाट आपल्याकडे सामान्यतः रूढ आहे. अंजनगाव सुर्जीच्या परिसरांतील बागाईतदारांस ही वहिवाट घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आंबिया बहाराचें फळ तयार होतें तेव्हां वऱ्हाडांतील रात्री पुरेशा थंड झालेल्या नसतात. त्यामुळें आंतील गर पक्व होऊनही साल हिरवट राहूं शकते. उलट, कच्चें फळ इथिलीन वायूच्या योगानें पिवळें करितां येतें. परंतु त्यानें गोडी वाढत नाहीं. संत्रें हें आंब्याप्रमाणें आढींत पिकणारें फळ नव्हे.

तेव्हां परीक्षा रसाचीच व्हावयास हवी. संत्र्याच्या आंबटपणाचें मुख्य कारण सायट्रिक आम्ल होय. शील या रसायनशास्त्रज्ञानें १७८४ सालीं लिंबाच्या रसांतून तें स्फटिकरूपानें वेगळें केलें. फळ झाडावर पक्व होत असतां हें आम्ल घटत जातें व साखर वाढते; या दोहोंच्या प्रमाणावर चव अवलंबून असते.

आम्ल मोजण्याची रीत अवघड नाहीं. गाळलेल्या दहा मिलिलिटर रसांत फिनॉल्फ्थेलिनचे दोन-तीन थेंब टाकावे व कॉस्टिक सोड्याचें दशांश-नॉर्मल द्रावण ब्युरेटमधून हळूहळू सोडावें. फिकट गुलाबी रंग टिकला कीं थांबावें. जितके मिलिलिटर द्रावण लागलें त्यास ०.०६४ नें गुणिलें असतां शेंकडा आम्ल निघतें. बारा मिलिलिटर लागल्यास सुमारें पाऊण टक्का. रसांतील विद्राव्य घनांश, ज्यांत बहुतांशीं साखरच असते, रिफ्रॅक्टोमीटरनें क्षणांत कळतो.

कोणी म्हणेल, कच्च्या व गळलेल्या फळांपासून आम्लच कां काढूं नये? परंतु १९१७ सालीं करी यानें ॲस्परजिलस नायजर या बुरशीकडून साखरेपासून हें आम्ल विपुल मिळतें असें दाखविलें, आणि आज जगांतील बहुतेक सायट्रिक आम्ल त्याच मार्गानें तयार होतें. त्या स्वस्त मालाशीं आपल्या फळांनीं स्पर्धा करणें व्यर्थ आहे. आपला लाभ खाण्याच्या उत्तम फळांतच आहे.

म्हणून आमची सूचना अशी कीं, शेतकऱ्यांच्या प्रत्येक संस्थेनें हीं साधनें सामायिक खर्चानें घ्यावीं, आणि बाग उक्ती विकतांना रसाची परीक्षा झाल्यावांचून तोडणी होणार नाहीं, ही अट करारांत घालावी. व्यापारी घाई करील, कारण हंगामाच्या आरंभीं भाव चढा असतो. पण आंबट माल एकदां पेठेंत गेला कीं व्यापारी दुसऱ्या गांवीं जाईल. गेलेली पत मात्र आपल्यासच भरून काढावी लागेल.