गार्डने शूट करायचं नसतं!

१६ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार, सकाळी ८.२० ची लोकल. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धी टेकून मी मोबाइलवर एकच क्लिप पाचव्यांदा बघत होते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं एक बास्केटबॉल कोर्ट. गच्च भरलेलं. २२ नंबरची जर्सी घातलेली एक मुलगी बॉल टपटपवत येते, हाफ लाइन ओलांडते आणि बास्केट अजून तीसेक फूट लांब असताना सरळ शूट करते. रस्त्याच्या पलीकडच्या टपरीवाल्याला ‘दोन कटिंग’ सांगावं, इतक्या सहज. बॉल आत!

मी मोठ्याने ‘येस्स!’ म्हणाले. समोरच्या काकूंना वाटलं, माझं लग्न ठरलं.

त्या मुलीचं नाव केटलिन क्लार्क. त्या एका शॉटने तिने अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमधला मुलींचा ३५२७ पॉइंट्सचा रेकॉर्ड मोडला. तो होता केल्सी प्लमच्या नावावर. क्लार्कला आठ पॉइंट्स हवे होते आणि मॅच सुरू होऊन २ मिनिटं १२ सेकंद झाली होती, बस्स. मॅच संपली तेव्हा तिचे त्या रात्रीचे ४९ झाले होते.

आता मला एवढं येस्स करायचं कारण काय? तर मीही कॉलेजात गार्ड होते. पाच फूट एक इंच उंची असली की बास्केटबॉलमध्ये दुसरं काय होणार! आमच्या सरांचा एक ठरलेला डायलॉग होता, ‘‘गार्डने शूट करायचं नसतं. बॉल आणायचा, द्यायचा आणि मागे पळायचं.’’ मी तीन वर्षं बॉल आणला, दिला आणि मागे पळाले. माझे तीन वर्षांतले एकूण पॉइंट्स मी सांगणार नाही. दोन हातांची बोटं पुरतात, एवढं समजा.

म्हणूनच क्लार्कच्या गावची हकिगत वाचताना मी चाटच पडले. आयोवा म्हणजे मक्याची शेतं आणि डुकरांचे फार्म. पण या राज्याला मुलींच्या बास्केटबॉलचं विलक्षण वेड. शाळकरी मुलींची राज्य स्पर्धा तिथे १९२० पासून आहे! मात्र खेळ आपल्या ओळखीचा नव्हता. एका टीममध्ये सहा मुली. तीन फॉरवर्ड, त्यांनी फक्त समोरच्या अर्ध्या कोर्टात राहायचं. तीन गार्ड, त्यांनी फक्त आपल्या अर्ध्यात. मधली रेषा कोणीच ओलांडायची नाही. दोनदा ड्रिबल केलं की पास तरी द्या, नाहीतर शूट तरी करा. पूर्ण कोर्टभर धावणं मुलींच्या नाजूक तब्येतीला झेपणार नाही, अशी त्या काळच्या मोठ्यांची समजूत. आणि गार्डने काय करायचं? अडवायचं, बॉल हिसकावायचा आणि रेषेपलीकडे फॉरवर्डकडे सोपवायचा. बास्केट तिच्यासाठी नव्हतीच. चार वर्षं खेळून एकही शॉट न मारता शाळा सोडलेल्या मुली तिथे पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेल्या. आमचे सर निदान तोंडाने सांगत होते, तिथे तो छापील नियम होता!

पण गंमत अशी, की याच खेळाने तिथल्या लोकांना मुलींची मॅच तिकीट काढून बघायची सवय लावली. राजधानी डि मॉइनमधल्या फायनलला सगळं राज्य लोटायचं. १९६८ ची फायनल तर दंतकथाच. युनियन-व्हिटन आणि एव्हर्ली या दोन खेड्यातल्या शाळा. एकीकडून डेनिस लाँगने ६४ पॉइंट्स केले, दुसरीकडून जीनेट ओल्सनने ७६! ओव्हरटाइममध्ये लाँगची टीम ११३-१०७ अशी जिंकली. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने तिला चक्क एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडलं. पुरुषांच्या लीगमध्ये! लीगने अर्थातच ती निवड रद्द केली.

हा सहा जणींचा खेळ आयोवात १९९३ पर्यंत चालला. कॉलेजात मात्र पाच जणींचाच खेळ होता, त्यामुळे जिने आयुष्यात शॉट मारलेला नाही अशा गार्डचं तिथे अवघडच व्हायचं. खेळ बंद झाल्यावर जुने लोक हळहळले म्हणे. क्लार्कचा जन्म २००२ चा, म्हणजे ती रेषा पुसल्यानंतर नऊ वर्षांनी.

लहानपणी वडिलांना तिच्या वयाच्या मुलींची टीम सापडेना, म्हणून त्यांनी तिला मुलांच्यात खेळवलं. थोडी मोठी झाल्यावर घरासमोरच्या अंगणात थ्री-पॉइंट लाइन पुरेना, म्हणून तिने वडिलांच्या मागे लागून हिरवळ उकरायला लावली आणि तिथे काँक्रीट ओतून घेतलं. (आमच्या सोसायटीत बॅडमिंटनची जाळी बांधायलाही कमिटीची मीटिंग लागते. असो.) मोठमोठ्या कॉलेजांची बोलावणी आली, तरी तिने घरापासून दोनेक तासांवरची युनिव्हर्सिटी ऑफ आयोवा निवडली.

तिथे तिला कोच भेटल्या लिसा ब्लूडर आणि त्यांच्या सहकारी जॅन जेन्सन. दोघीही आयोवाच्याच आणि दोघीही शाळेत सहा जणींचा तोच खेळ खेळलेल्या. जेन्सनबाई तर फॉरवर्ड, शाळेच्या शेवटच्या वर्षी मॅचमागे सरासरी ६६ पॉइंट्स! या दोघींनी आपल्या गार्डला सांगितलं, तुला जिथून वाटेल तिथून मार. ज्यांच्या शाळेत हे बोलणं म्हणजे फाउल होता, त्यांनीच सांगितलं. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत आवडलेली बाब हीच.

पण ‘वाटेल तिथून मार’ म्हणजे बाकीच्यांना विसर, असं नव्हे. खरं सांगू? क्लार्कचे शॉट बघून आपण वेडे होतो, पण तिचे पास बघा. चार जणी अंगावर असताना तिसऱ्याच कोपऱ्यात मोकळ्या झालेल्या मैत्रिणीच्या हातात बॉल! कॉलेजच्या चार वर्षांत तिने ११४४ असिस्ट दिले. २०२१-२२ मध्ये तर पॉइंट्स आणि असिस्ट दोन्हींत ती देशात पहिली होती. म्हणजे बॉल आणायचा, द्यायचा, हे आमच्या सरांचं म्हणणं तिने शंभर टक्के पाळलं. फक्त शूटही केलं.

आणि हे सगळं चुटकीसरशी झालेलं नाही. तिचा पहिला सीझन २०२०-२१ चा, कोविडचा. मॅचमागे २६.६ पॉइंट्स आणि समोर जवळजवळ रिकाम्या खुर्च्या! दुसऱ्या वर्षी सगळा देश बघायला लागला, तर राष्ट्रीय स्पर्धेत घरच्याच कोर्टवर क्रेटनसारख्या लहान टीमकडून ६४-६२ अशी हार. त्यातही चटका असा, की शेवटचा निर्णायक थ्री-पॉइंटर मारणारी लॉरेन जेन्सन वर्षभरापूर्वी आयोवाकडूनच खेळत होती. अप्रेझलच्या आदल्या दिवशी सोडून गेलेल्या कलीगने आपल्याच क्लायंटला पळवावं, तसं!

मग आलं २०२३. लुईव्हिलविरुद्ध ४१ पॉइंट्स, १२ असिस्ट, १० रिबाउंड. मग सेमीफायनलला साउथ कॅरोलायनाची सलग ४२ विजयांची टीम गारद, तिथेही ४१. फायनलला मात्र एलएसयूने १०२-८५ असं धुतलं. त्या शेवटच्या मिनिटांत एलएसयूच्या एंजल रीसने क्लार्ककडे बघत चेहऱ्यासमोर हात हलवला. ‘तू मला दिसतच नाहीस,’ अशी खूण. झालं! दुसऱ्या दिवसापासून रीसवर टीकेचा भडिमार. वास्तविक तीच खूण क्लार्कने आठवड्याभरापूर्वी केली होती, तेव्हा सगळ्यांना ती डॅशिंग वाटली होती. रीस काळी, क्लार्क गोरी. मुलीने आक्रमक खेळावं हे आता चालतं, पण कोणत्या मुलीने, हा प्रश्न शिल्लक होता. क्लार्कने स्वतःच सांगितलं, की रीसवर टीका होण्याचं काहीच कारण नाही. एकविशीतल्या मुलीला हे कळलं, स्टुडिओत बसलेल्या कित्येक जाणत्यांना कळलं नाही.

रेकॉर्डचंही असंच. प्लमला मागे टाकल्यावर तिच्या पुढे होती लिनेट वुडार्ड, ३६४९ पॉइंट्स, १९७७ ते ८१. तेव्हा थ्री-पॉइंट लाइन नव्हती आणि बॉल पुरुषांचा, मोठा. पण तेव्हा एनसीएए ही संस्था मुलींच्या स्पर्धा घेत नव्हती, म्हणून तिच्या रेकॉर्डबुकात वुडार्डच नाही! क्लार्कने २८ फेब्रुवारीला तिला मागे टाकलं आणि ३ मार्चला पुरुषांचा पीट मॅराविच, ३६६७. तो दिवस बघायला वुडार्ड स्वतः हजर होती. मॅराविचने ते तीनच सीझनमध्ये केले होते, हेही सांगायला हवं. क्लार्क थांबली ३९५१ वर. आणि लहान कॉलेजात खेळलेल्या पर्ल मूरचे ४०६१ आजही तिच्या पुढेच आहेत. हे नाव मी याआधी कधी ऐकलंच नव्हतं. तुम्ही?

गर्दीचं काय सांगू! ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोवाने आपल्या फुटबॉल स्टेडियममध्ये उघड्यावर कोर्ट टाकून डीपॉलशी मैत्रीपूर्ण मॅच खेळली. माणसं किती? ५५,६४६.

८ एप्रिल २०२४. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, सोमवार उजाडलेला, साडेनऊला रिव्ह्यू मीटिंग. मी लॅपटॉपवर स्कोअर रिफ्रेश करत बसलेले. फायनल, पुन्हा साउथ कॅरोलायना. पहिल्याच क्वार्टरमध्ये क्लार्कचे १८! मग मात्र त्यांच्या बेंचवरच्या पोरी एकामागून एक येत राहिल्या आणि तिला दमवत गेल्या. ८७-७५. सगळा सीझन ३८-० करून साउथ कॅरोलायना जिंकली. त्यांच्या कोच डॉन स्टेली, स्वतः एकेकाळच्या गार्ड, उंची पाच फूट सहा इंच. जिंकल्यावर माइक हातात आल्या आल्या त्यांनी हरलेल्या क्लार्कचे आभार मानले, तिने या खेळाला वर नेलं म्हणून. अमेरिकेत ती फायनल १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली, पुरुषांची १ कोटी ४८ लाखांनी. असं पहिल्यांदाच घडलं.

आठवड्याभरात डब्ल्यूएनबीएच्या ड्राफ्टमध्ये तिचा पहिला नंबर. पहिल्या वर्षाचा पगार? ७६,५३५ डॉलर. त्याच वर्षी पुरुषांच्या ड्राफ्टमधल्या पहिल्याला एक कोटीहून जास्त. बरं, जाहिरातींचे करार होते म्हणून तिचं काही अडत नव्हतं. पण त्याच संध्याकाळी तिची टीममेट केट मार्टिन प्रेक्षकांत बसून मैत्रिणीसाठी टाळ्या वाजवत होती आणि अचानक तिचंही नाव पुकारलं गेलं, अठरावं! तिच्याकडे असे करार कुठले?

क्लार्कला कप मिळालाच नाही, दोनदा फायनल खेळून. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

परवा रविवारी मी जुन्या कॉलेजवर गेले. ग्राउंड उघडंच होतं. बॉल होता, मी होते आणि खुर्चीत पेपर वाचणारा वॉचमन. हाफ लाइनपाशी उभं राहून जीव खाऊन शूट केलं. बॉल रिंगच्या दहा फूट अलीकडेच पडला. दुसरा, तोही तसाच. तिसरा बोर्डच्या खांबाला लागला. वॉचमनने पेपर खाली केला, ‘‘मॅडम, जरा पुढं येऊन टाका की!’’

मी आहे तिथूनच चौथा टाकला.