ताठ बस!

परवा सूनबाई नातवावर ओरडली, "मान वर कर! ताठ बस!" पोरगं ताठ बसलं. पाच मिनिटांनी बघतो तर पुन्हा वाकलेलं. मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. 36 वर्षं वर्गात मी हेच ओरडत आलो. त्यातून एकही पाठ सरळ झाली नाही, तर चूक कोणाची? मुलांची खासच नव्हे.

हे उमगलं गेल्या वर्षी. मान दुखते म्हणून फिजिओथेरपिस्टकडे गेलो. वाटलं, पट्टा देतील. बाईंनी मला टेबलावर पालथं झोपवलं, कमरेच्या वरचं अंग टेबलाबाहेर, पाय धरलेले. म्हणाल्या, "सर, असंच आडवं राहा." बारा सेकंदांत मी हात टेकले! तक्रार मानेची आणि नापास झाली पाठ.

गणित साधं आहे. डोकं साधारण पाच किलोचं. ते मानेवर, मान पाठीवर, पाठ कमरेवर. पाठीपोटाचे स्नायू दिवसभर थोडं थोडं काम करतात, तिथे ताकदीपेक्षा दम लागतो. दम संपला की पाठीला पोक येतं आणि समोर बघायला हनुवटी पुढे जाते. डोकं जितकं पुढे, तितका मानेवर ताण जास्त. अशा वेळी "मान सरळ कर" म्हणणं म्हणजे भिंत खचली असताना छपराला दटावणं.

लगेच कोणी म्हणेल, मोबाइलमुळे. असेल, तोही भर घालतो. पण माझ्या वर्गात मोबाइल नव्हता, पोक मात्र होतं! तासन् तास बाकावर बसवायचं आणि परीक्षा आली की पीटीचा तास गणिताला द्यायचा. असे तास मीही मागून घेतलेत, कबूल करतो. 2020 च्या दप्तर धोरणाने दप्तराला मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली, छान झालं. पण ते वाहणाऱ्या पाठीचं काय? ती कोणी तपासली?

सगळी मानदुखी पाठीमुळेच असते असं माझं म्हणणं नाही. हात बधिर होत असेल तर डॉक्टरच गाठावा. पण मुलांना ओरडण्याआधी त्यांचा खेळाचा तास तरी परत द्या.

बाईंनी शिकवलेला व्यायाम रोज करतो. आता तीस सेकंद टिकतो. नातू शेजारी पालथा पडून मोठ्याने आकडे मोजतो आणि मला हरवतो. ओरडणं बंद केलंय. बघा, पटतंय का.