वीतभर पिल्लाचा दंशही दंशच

मृगाचा पाऊस पडला की कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात पेरणीची आणि त्यामागोमाग भांगलणीची घाई सुरू होते. नेमके याच दिवसांत सापांची पिल्लेही बाहेर पडतात. बांधावरच्या गवतात, उसाच्या पाचटात, गोठ्यातल्या वैरणीखाली वीतभर लांबीची वळवळ दिसते. एखाद्या मजुराच्या बोटाला ती चावते आणि तो म्हणतो, ‘मोठा साप नव्हता, पिल्लू होतं.’ जखम धुऊन काम पुन्हा सुरू होते. सर्पदंशात सगळ्यात मोलाचे असतात ते पहिले काही तास, आणि या एका समजुतीपायी ते हातचे जातात.

पिल्लाच्या आकाराचा आणि धोक्याचा संबंध काय, हे पाहण्यासाठी सातारा-सांगलीत आढळणाऱ्या सापांची पिल्ले शेजारी शेजारी मांडून पाहावीत. अजगराचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हाच साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर असते. धामणीचे ३२ ते ४७ सेंटिमीटर. नाग आणि मण्यार यांची पिल्ले साधारण २० ते ३० सेंटिमीटर. घोणस अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते. ती असतात २१ ते २६ सेंटिमीटर. फुरशाचे पिल्लू सगळ्यांत छोटे, ८ ते १५ सेंटिमीटर, म्हणजे पुरती वीतही नाही.

या क्रमात एक गोष्ट चटकन लक्षात येते. जन्मतः सर्वांत लांब असलेली पिल्ले, म्हणजे अजगर आणि धामण, बिनविषारी आहेत. यादीच्या तळाशी असलेले फुरसे मात्र देशातल्या प्रमुख चार विषारी सापांपैकी एक आहे. लांबीवरून धोका ठरवायला गेले तर उत्तर बरोबर उलटे येते. घरात शिरलेले दीड हाताचे धामणीचे पिल्लू पाहून गल्ली गोळा होते आणि माणदेशातल्या खडकाळ माळावर दगड उचलताना चावलेल्या बोटभर फुरशाची कोणी दखल घेत नाही.

आकाराखेरीज ओळखीचाही घोळ आहे. कवड्या हा बिनविषारी साप आणि मण्यार यांच्यातला फरक सांगताना, कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि मण्यारीचे शेपटीकडे ठळक असतात, अशी खूण सांगितली जाते. पूर्ण वाढलेल्या मण्यारीबाबत ती उपयोगी पडते. पण मण्यारीच्या पिल्लात पांढरे पट्टे मानेजवळही स्पष्ट असू शकतात, त्यामुळे ही खूण नेमकी लहान सापाबाबत दगा देते. घोणशीचे पिल्लू आणि बिनविषारी दुरक्या घोणस यांचीही अशीच गफलत होते. म्हणून साप लहान असेल तर ‘आम्ही ओळखला, बिनविषारी होता’ या खात्रीवर उपचार थांबवणे धोक्याचे आहे.

आता विषाबद्दल. लोकांत दोन समज आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पहिला, पिल्लाला विष नसते. हा साफ चुकीचा. विषारी सापाच्या पिल्लाच्या विषग्रंथी आणि दात जन्मापासून काम करतात. नागाचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडताच फणा काढते आणि चावूही शकते. दुसरा समज असा, की पिल्लाला विषावर ताबा नसतो, ते सगळे विष एकदम सोडते, म्हणून ते मोठ्या सापाहून घातक. यालाही आधार नाही. मोठ्या सापाच्या ग्रंथीत विषाचा साठा कितीतरी अधिक असतो, त्यामुळे सरासरीने त्याचाच दंश जास्त गंभीर. मात्र काही सापांत वयानुसार विषाचे घटक बदलतात. दक्षिण अमेरिकेतल्या जराराका या विषारी सापाच्या पिल्लांचे विष रक्त गोठण्याच्या क्रियेवर मोठ्या सापापेक्षा तीव्र परिणाम करते, असे दिसून आले आहे. थोडक्यात, पिल्लाचे विष कमी असते, पण ते कमजोर आहे असे धरून चालता येत नाही.

मग पिल्लाच्या दंशाला औषधही कमी द्यावे का? इथे हिशेब समजून घेतला पाहिजे. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. त्याच्या एका मिलिलिटरने घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ होते. एका कुपीत १० मिलिलिटर, म्हणजे दहा कुप्यांत ६० मिलिग्रॅमची क्षमता. पूर्ण वाढलेली घोणस एका दंशात सरासरी जवळपास तेवढेच विष सोडते, म्हणून सुरुवातीची मात्रा आठ ते दहा कुप्यांची ठरली. पिल्लाने किती विष सोडले हे मोजण्याचे साधन खाटेपाशी नसते. त्यामुळे मात्रा सापाच्या लांबीवर ठरवत नाहीत. विषबाधेची लक्षणे आहेत की नाहीत, हे पाहून ठरवतात. लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा लागते, कारण सापाने सोडलेले विष रुग्णाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. आणि लक्षणे नसतील तर साप मोठा असला तरी प्रतिविष देत नाहीत.

लक्षणे ओळखण्याचे साधन स्वस्त आहे. रुग्णाचे दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरशाची विषबाधा झाली आहे. नळी काचेचीच हवी. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निकाल फसवा येतो. पहिल्या वेळी रक्त गोठले म्हणून रुग्णाला घरी पाठवता येत नाही. चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते आणि रुग्णाला चोवीस तास नजरेखाली ठेवावे लागते. नाग-मण्यारीच्या दंशात पापण्या जड होणे, गिळायला त्रास, बोलणे अस्पष्ट होणे ही लक्षणे पाहायची. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो आणि फारसा दुखत नाही. पहाटे पोटात दुखू लागले, डोळे उघडेनात, तर अंगावर खूण दिसत नसली तरी सर्पदंशाची शंका घ्यायलाच हवी.

शेतकऱ्यांनी काय करावे, हे फार अवघड नाही. दंश झालेला हात किंवा पाय लाकडी पट्टीने स्थिर ठेवावा, अंगठ्या-कडी काढावीत, रुग्णाला चालवू नये आणि १०८ क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालय गाठावे. आवळून बांधणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे टाळावे. सापाला मारून सोबत आणण्यात वेळ घालवू नये. दुरून फोटो मिळाला तर ठीक. घोणस एका वेळी वीस-चाळीस पिल्ले देते, म्हणून एक पिल्लू दिसले तर आजूबाजूला आणखी असतील असे समजून तिथले काम थांबवावे. भांगलणीला गमबूट आणि रात्री बॅटरी, एवढ्यानेही बरेच दंश टळतात.

बाकीची जबाबदारी यंत्रणेची आहे. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. पण आराखडा दिल्लीत असून भागत नाही. पाटण, जावळी, माण, आटपाडी, जत, शिराळा इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत पावसाळ्यापूर्वी प्रतिविषाचा साठा, काचेच्या नळ्या आणि रात्रपाळीला प्रशिक्षित डॉक्टर आहे का, हे तपासले गेले पाहिजे. प्रत्येक दंशाची नोंद व्हावी, किरकोळ वाटलेल्या दंशाचीही.

नागपंचमीमुळे बत्तीस शिराळ्याचे नाव देशभर पोचले. सापाबद्दलचा आदर या मातीला नवा नाही. त्याला आता माहितीची जोड हवी. साप केवढा होता, हा प्रश्न गावात गप्पा मारताना ठीक आहे. रुग्णालयाच्या दारात प्रश्न एकच असावा: दंश किती वाजता झाला?