तिसऱ्या वाट्याचा हिशेब

खजिन्याचा सिनेमा म्हटला की नकाशा, मारामारी आणि शेवटी दागिन्यांची पेटी, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. १९६७ साली आलेला, रोबेर आंरिको यांनी दिग्दर्शित केलेला 'ले आव्हांत्युरिए' हा फ्रेंच चित्रपट आमच्या मनात राहिला तो मात्र वाटणीमुळे.

मानू (अॅलन डेलॉन) हा वैमानिक. पॅरिसच्या विजयकमानीखालून विमान नेले तर पैसे मिळतील, या थापेला भुलून तो परवाना गमावून बसतो. रोलाँ (लिनो व्हेंतुरा) मोटारीच्या इंजिनापायी फसलेला. लेतिसिया (जोआना शिमकुस) भंगार लोखंडातून शिल्पे घडवणारी. तिच्या प्रदर्शनाची टीकाकार वाट लावतात. हरलेली ही तिघे काँगोच्या किनाऱ्याजवळ, समुद्रात बुडालेल्या विमानातले धन शोधायला निघतात.

धन सापडते, पण टोळीच्या गोळीबारात लेतिसिया मरते. दोन्ही मित्रांनी तिचा वाटा गिळला असता, तर विचारणारे कोण होते? पण ते फ्रान्सला परततात, तिच्या नात्यातला लहान मुलगा शोधून काढतात आणि तो वाटा त्याच्या नावे करतात. आम्ही जन्मभर खातेवह्या लिहिल्या. मेलेल्या माणसाचा हिस्सा साक्षीदार नसताना चोख देणे, याहून मोठी प्रामाणिकता आम्हांला ठाऊक नाही.

तरीही हिशेबात एक रक्कम राहून गेलीच. हे धन काँगोतल्या धामधुमीत पळून चाललेल्या गोऱ्या माणसाचे. त्याच्याकडे ते आले कुठून? १८८५ ते १९०८ पर्यंत काँगो ही बेल्जियमच्या राजा दुसऱ्या लिओपोल्डची खासगी मालमत्ता होती. रबरासाठी तिथल्या माणसांचे हात तोडले गेले. पुढे ३० जून १९६० पर्यंत तो देश बेल्जियमची वसाहत होता. खाणी तिथल्या, घाम तिथला; पण चित्रपटात त्या माणसांना वाटा तर सोडाच, साधा विचारणाराही कोणी नाही.

अखेरीस समुद्रातल्या बोयार किल्ल्यात मानूही गोळीला बळी पडतो. रोलाँ उरतो, एकटा.

चित्रपट सुंदर आहे, जरूर पाहावा. मुलांसोबत पाहिलात तर शेवटी त्यांना एवढेच विचारा: वाटे तीन झाले, पण चौथा वाटा कोणाचा होता?